रॅपचा अर्थ लावताना: 'द मेसेज' ओळीओळीने

'हे गाणं गरिबी आणि वर्णभेदावर भाष्य करतं' असं वाक्य कुठल्याही रॅप गाण्याखाली लिहून मोकळं होता येतं. ते पाचशे गाण्यांना चालतं, म्हणजे एकाही गाण्याबद्दल काही सांगत नाही. गाण्यात समाज येतो तो संपाच्या, भाड्याच्या, टीव्हीवरच्या मालिकेच्या, पोलिसांच्या गाडीच्या रूपाने. तिथून सुरुवात केली तर भाष्य सापडतं. वरून 'समाज' शोधत गेलात तर आपलंच मत गाण्यात सापडतं.

ही पद्धत इथे एकाच गाण्यावर चालवून दाखवली आहे. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या नावाने शुगर हिल रेकॉर्ड्सने १९८२ मध्ये काढलेलं 'द मेसेज'. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांची २००२ ची पहिली यादी केली, त्यात हिपहॉपमधून, म्हणजे रॅप ज्यात मोडतं त्या संगीतपरंपरेतून, हे होतं. पण निवडायचं खरं कारण वेगळं आहे. उच्चार स्वच्छ आहेत, चाल संथ आहे, आणि बरेचसे संदर्भ तारखेनिशी तपासता येतात. पहिल्याच दिवशी आजच्या काळातला रॅपर केंड्रिक लमार याचा अख्खा अल्बम हातात घेणारे बहुतेक जण तिसऱ्या गाण्यावर वही मिटतात.

साहित्य फार नाही. हेडफोन, वही, दोन रंगांची पेनं, आणि वेग ०.७५ वर आणता येईल असा प्लेअर. एका गाण्याला पाच-सहा तास धरा, पण एका बैठकीत नको. दोन-तीन दिवसांत विभागले तर पहिल्या दिवशी न कळलेली ओळ तिसऱ्या दिवशी आपोआप ऐकू येते.

आधी आवृत्ती तपासा

'द मेसेज'ची मूळ लांबी सात मिनिटांच्या जरा पुढे आहे. तुमच्याकडची फाइल तीन-चार मिनिटांची असेल तर ती कापलेली आहे. कापलेल्या आवृत्तीत शेवटचा बोलका प्रसंग जाण्याची शक्यता सर्वात जास्त, आणि अर्थाच्या दृष्टीने तोच गेलेला परवडत नाही. इतर गाण्यांच्या बाबतीत 'क्लीन' असा शिक्का पाहा. तिथे शिव्या पुसलेल्या असतात आणि काही वेळा त्यांच्या जागी दुसरेच शब्द म्हटलेले असतात.

तीनदा ऐका, शब्द न पाहता

पहिल्यांदा फक्त ताल. चारपर्यंत मोजा, दोन आणि चारवर स्नेअर या ड्रमचा कडक ठोका पडतो. चार ठोक्यांचा एक बार. रॅपचं कडवं साधारण सोळा बारचं धरतात. मिनिटाला ९० ठोके असतील तर ते सुमारे ४३ सेकंदांत संपतं, १०० असतील तर ३८ सेकंदांत. 'द मेसेज' शंभराच्या आसपास चालतं. त्या काळच्या नाचायच्या रेकॉर्डींपेक्षा हा वेग कमी आहे, आणि शब्द कानात शिरायला तेवढी फट पुरते. कडवी सोळाच्या मापात बसत नसतील तर मोजणी चुकली असं समजू नका. कुठलं कडवं लांबलंय तेवढं टिपून ठेवा.

दुसऱ्यांदा फक्त ओळीच्या शेवटचे शब्द. तिसऱ्यांदा फक्त सर्वनामं: 'मी' कुठे, 'तू' कुठे, 'ते' कुठे. बाकी काही लिहू नका. तिसऱ्या ऐकण्यातली ही अर्ध्या पानाची यादी पुढे फार उपयोगी पडते.

शब्द स्वतः उतरवा, मग ताडून पाहा

एक बार, एक ओळ. वाक्याप्रमाणे नको, बारप्रमाणे. स्वच्छ ऐकू आलेलं एका रंगात, शंकेचं दुसऱ्या रंगात, आणि अजिबात न कळलेल्या जागी रिकामी रेघ. त्यानंतरच संकेतस्थळावरचे शब्द उघडा. तिथले शब्द बहुधा कुणीतरी ऐकूनच उतरवलेले असतात, आणि एका ठिकाणची चूक दहा ठिकाणी चिकटवली जाते. फरक दिसला की ०.७५ वर परत ऐका. निर्णय कानाचा, बहुमताचा नव्हे.

बारप्रमाणे लिहिण्याचा फायदा कळायला या गाण्यातल्या दोनच ओळी पुरेत. तिथे यमक जुळतं ते 'एज्युकेशन', 'इन्फ्लेशन' आणि 'स्टेशन' या तीन शब्दांचं. शिक्षण मिळालं ते फालतू, महागाई दोन आकडी, आणि कामावर जायला गाडी नाही कारण स्टेशनवर संप. शाळा, बाजार, रेल्वे. सरकारदरबारी ही तीन वेगळी खाती, तीन वेगळे साहेब. ज्याला सकाळी आठला कामावर पोचायचंय त्याच्यासाठी मात्र तो एकच ताप आहे, आणि तीन गोष्टी एकाच तापात गुंफायचं काम यमकाने केलंय. 'हे भाष्य आहे' असं म्हणताना बोट नेमकं अशा जागी ठेवता आलं पाहिजे.

व्याकरण चुकीचं नाही, वेगळं आहे

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीचे स्वतःचे नियम आहेत. शाळेतलं इंग्रजी घेऊन बसलेला वाचक इथे हमखास अडखळतो. गंमत अशी की मराठी माणसाला यातला एक नियम इंग्रजी माणसापेक्षा लवकर कळतो. 'ही बी वर्किंग' आणि 'ही वर्किंग' ही दोन वाक्यं घ्या. पहिलं म्हणजे 'तो कामावर असतो', दुसरं म्हणजे 'तो कामावर आहे'. एकात सवय, दुसऱ्यात आत्ताची स्थिती. आपल्या 'असतो' आणि 'आहे'मध्ये जो फरक आहे तोच. कुठल्याही रॅपमध्ये असं 'बी' आलं की मराठीत 'असतो' लावून पाहा. बहुतेक वेळा ओळ सरळ होते. दोन नकार एकत्र आले तर ते एकमेकांना खोडत नाहीत, नकार आणखी ठासतात.

बोलीतले शब्द तपासताना साल पाहा. आजच्या ऑनलाइन कोशातला अर्थ चाळीस वर्षांपूर्वीच्या ओळीला लावला की घोळ होतो. 'द मेसेज'च्या शेवटच्या कडव्यात 'बिड' येतो. लिलावातली बोली नव्हे, तुरुंगातली मुदत. इथे आठ वर्षांची. त्याच कडव्यातले 'नंबर बुक'वाले म्हणजे बेकायदा आकड्यांवर पैसे घेणारे. मराठीत त्यांना सरळ मटकेवाले म्हणा. तळटीप लागत नाही, आणि गल्लीतला पोरगा त्यांच्याकडे आदराने का बघतो तेही समजावून सांगावं लागत नाही.

धृपदातला वक्ता विचारतो, मी बुडत कसा नाही? मूळ इंग्रजी शब्दप्रयोग, 'गोइंग अंडर', पाण्यात बुडण्याला आणि धंदा बुडण्याला दोन्हीला चालतो. आपलं 'बुडणं'ही तसंच आहे. असे जुळे अर्थ सापडले की वहीत चौकट करा, दोन्ही अर्थ ठेवा, एक निवडू नका.

प्रत्येक ठोस नामाला तारीख लावा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. गाण्यातली प्रत्येक तपासता येणारी वस्तू, घटना, व्यक्ती एका ओळीत लिहा आणि पुढे साल टाका. 'द मेसेज'ची यादी साधारण अशी होते:

– स्टेशनवरचा संप: न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वे कामगारांचा संप, एप्रिल १९८०, ११ दिवस.
– दोन आकडी महागाई: अमेरिकेत १९८० ची सरासरी १३.५ टक्के. १९८२ मध्ये ती ६ टक्क्यांच्या आसपास उतरली होती.
– आगगाडीसमोर ढकललेली मुलगी: १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका किशोरवयीन मुलीला भुयारी रेल्वेसमोर ढकललं गेलं आणि तिचा तुटलेला पंजा डॉक्टरांनी परत जोडला. गाण्यात पंजाचा हात झालाय.
– आईच्या टीव्हीवरच्या 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'डॅलस' या मालिका, आणि शुगर रे लेनर्डची मुष्टियुद्धाची लढत. 'डॅलस' सुरू झाली १९७८ मध्ये.
– शेवटचं कडवं: गटातला रॅपर मेली मेल याने तेच शब्द याच गटाच्या १९७९ च्या 'सुपररॅपिन' या रेकॉर्डवर आधीच म्हटले होते.

यादी डोळ्यांसमोर आली की कळतं, १९८२ चं म्हणून ओळखलं जाणारं हे गाणं बव्हंशी १९७९–८० चं शहर सांगतंय. याने एक मोठी चूक टळते. अनेक लेखांत 'द मेसेज' हे रेगन राजवटीवरचं गाणं म्हणून येतं. राष्ट्राध्यक्ष रेगन जानेवारी १९८१ मध्ये सत्तेवर आले. संप आणि महागाईचा कळस दोन्ही त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळातले, आणि गाण्यात एकाही राष्ट्राध्यक्षाचं नाव नाही. लोकांनी ते रेगनच्या काळात ऐकलं आणि त्या काळाला लावलं, असं म्हणता येतं. ते वाक्य खरं आहे. पण ते श्रोत्यांबद्दल आहे, गाण्याबद्दल नाही. हे दोन वाक्यप्रकार वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

उलट दिशेची चूकही तितकीच नेहमीची आहे. हिपहॉपचा इतिहास वाचला की ते जिथे जन्मलं त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या आगी येतातच. १९७० ते १९८० या दहा वर्षांत तिथल्या सात जनगणना विभागांनी आग आणि ओसाडी यांत ९७ टक्क्यांहून जास्त इमारती गमावल्या. आकडा इतका भयानक आहे की तो लेखात घालायचा मोह आवरत नाही. पण 'द मेसेज'मध्ये आगीचा शब्द नाही. फुटक्या काचा आहेत, जिन्यात मुतणारे आहेत, उंदीर-झुरळं आहेत, हप्ते थकले म्हणून ओढून नेलेली गाडी आहे. शिवाय सुरुवातीचा बराच भाग ज्याने लिहिला तो ड्यूक बूटी ब्रॉन्क्सचा नव्हताच. तो न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावचा. आगीबद्दल लिहायचं असेल तर पार्श्वभूमी म्हणून लिहा, ओळीचा अर्थ म्हणून नको.

काही ओळींचा अर्थ नंतर सरकतो. वक्ता वैतागून म्हणतो, मी एखादं विमान पळवीन. २००१ नंतर ऐकणाऱ्याच्या अंगावर यामुळे काटा येतो. १९८२ च्या श्रोत्याला विमानाचं अपहरण म्हणजे ओलीस, खंडणी, मागण्या असं आठवत असणार. टीप लिहा, पण आजचा काटा त्या ओळीच्या माथी मारू नका.

बोलतंय कोण?

रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशचं, पण कडव्यांत आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचा. फ्लॅश डीजे, या कडव्यांत तो नाही. गटातले बाकीचे ऐकू येतात ते शेवटच्या संवादात. म्हणून 'फ्लॅश म्हणतो की...' असं वाक्य लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच लेख बंद करील.

आवाज कुणाचा हे कळलं तरी 'मी' कोण हा प्रश्न उरतो. भारूड ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. विंचू चावला म्हणून ओरडणारी बाई एकनाथ नव्हे, आणि विंचूही नुसता विंचू नव्हे. रॅपच्या 'मी'कडे त्याच डोळ्यांनी बघा. केंड्रिक लमारच्या 'द ब्लॅकर द बेरी' (२०१५) मध्ये वक्ता प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला स्वतःला ढोंगी म्हणतो आणि मग वर्णद्वेषावर तुटून पडतो. का ढोंगी ते कळतं थेट शेवटच्या ओळींत: टोळीयुद्धात त्याने स्वतःपेक्षाही काळ्या माणसाला मारलंय. शेवटाच्या आधी गाणं थांबवणाऱ्याला बरोबर उलटं गाणं मिळतं.

हा प्रश्न निव्वळ रसिकतेचाही राहिलेला नाही. अमेरिकेतल्या खटल्यांत सरकारी वकील रॅपच्या ओळी कबुलीजबाब असल्यासारख्या पुढे करत आले आहेत. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा कलाकृती पुराव्यात घेण्यापूर्वी न्यायालयांनी काय तपासायचं ते ठरवून दिलं.

आता तिसऱ्या ऐकण्यातली सर्वनामांची यादी काढा. 'द मेसेज'मध्ये आधी 'मी' आहे: माझी बायको, माझा भाऊ, माझा मुलगा, माझी पाठ. शेवटच्या कडव्यात 'मी' जातो आणि 'तू' येतो. एक मूल जन्मतं, वस्तीत वाढतं, शाळा सोडतं, लुटमारीला लागतं, आठ वर्षं आत जातं, आणि कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडतं. हा 'तू' कोण? आधीच्या 'मी'ला धमकी? त्याच्या शाळेत न जाणाऱ्या मुलाचं भविष्य? की ऐकणारा? कडवं आधीच्या रेकॉर्डवरून आणून जोडलंय, म्हणून उत्तर एकच काढायचा हट्ट धरू नका. पण जोड जिथे बसवली आहे तिथे मुलाची गोष्ट आधी येऊन गेलेली आहे, एवढं नक्की सांगता येतं.

शब्दांखालचा आवाज

धृपदाच्या शेवटी एक तुटक, कोरडं हसू आहे. कागदावर ते 'हा हा' होतं आणि मरतं. ते लिहून ठेवा: कुठे येतं, किती वेळा, श्वास लागल्यासारखं की वेडसर. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, असेल तर मूळ गाणं पूर्ण ऐका. रॅपर टुपाकचं १९९८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आलेलं 'चेंजेस' ब्रूस हॉर्न्सबीच्या १९८६ च्या गाण्यावर उभं आहे. मूळ गाण्याचं धृपद 'हे असंच चालायचं' म्हणतं आणि लगेच त्यावर विश्वास न ठेवायला सांगतं. हे माहीत नसेल तर टुपाक कुणाशी बोलतोय ते कळत नाही. त्याच गाण्यात 'ह्यूई' येतो: ह्यूई न्यूटन, १९६६ मध्ये ओकलंडला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष काढणाऱ्या दोघांपैकी एक, १९८९ मध्ये खून झालेला. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते याच पक्षावरून. इथे मराठी वाचकाला जोडणारा धागा खराखुरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही.

शिव्या, आणि गाण्याचे आंधळे कोपरे

काळ्या माणसासाठीच्या त्या शब्दाचं भाषांतर जातीवाचक शिवीने करू नका. दोन्हीचे इतिहास वेगळे आहेत, आणि काळ्या वक्त्याने काळ्या मित्राला तो शब्द वापरणं यातली जवळीक आपल्या शिवीत उतरत नाही. 'एन-शब्द' लिहा आणि कुणी कुणाला म्हटला ते सांगा. बाकीच्या शिव्या आहेत तशा असू द्या. नामदेव ढसाळांची 'गोलपिठा' वाचलेल्याला कळतं की तिथल्या शिव्या काढल्या तर कविताच निघून जाते.

मात्र प्रत्येक कडवटपणा 'व्यवस्थेवरचा हल्ला' म्हणून खपवायचा नाही. 'द मेसेज'ला कचऱ्यात अन्न शोधणाऱ्या बाईबद्दल कणव आहे. तरीही समलैंगिकांना हिणवणारा शब्द गाण्यात दोन ठिकाणी आहे, आणि त्यातलं एक ठिकाण तुरुंगातल्या लैंगिक अत्याचाराचा टोमणा आहे. कणव कुठे थांबते ते लिहिणं हा अर्थ लावण्याचाच भाग. आवडत्या गाण्याच्या बाबतीत ही नोंद गाळली जाते, म्हणून वहीत तिच्यासाठी आधीच जागा सोडा.

मग लिहा

तीनच परिच्छेद. पहिल्यात गाण्यात काय घडतं ते, मताशिवाय. दुसऱ्यात एकच दावा आणि त्याला तीन ओळींचा आधार, प्रत्येकी साल किंवा आवाजाची खूण. तिसऱ्यात तुमच्या दाव्यात न बसणारी ओळ. लिहून झालं की गाण्याचं नाव खोडा. परिच्छेद दुसऱ्या गाण्याला चालत असेल तर परत लिहा.

'द मेसेज'च्या तिसऱ्या परिच्छेदासाठी शेवटचा प्रसंग घ्या. कोपऱ्यावर मित्र भेटतात, कुठे जायचं यावर गप्पा होतात. पोलिसांची गाडी थांबते. आम्ही ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हबरोबर आहोत, असं एक जण सांगतो. पोलीस विचारतो, ही काय टोळी आहे? आणि सगळ्यांना गाडीत कोंबतो. शेवटच्या कडव्यात वाईट वाटेला लागलेला मुलगा तुरुंगात गेला होता. इथे काहीच न केलेले जातात. कडव्याचा उपदेश आणि हा प्रसंग एकमेकांना छेद देतात, आणि गाणं दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही.

सराव म्हणून पुढचं गाणं घरचं घ्या: मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाचं २०१९ मधलं 'द वारली रिवोल्ट', आरेतल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांच्यासह. नावातच १९४५ चा वारल्यांचा उठाव आहे, तेव्हा तारखांच्या यादीची सुरुवात तिथून करा. आवाज बदलला की भाषा बदलते का ते बारच्या शेजारी टिपा. आणि मेट्रो कारशेडसाठी आरेत झाडं तोडली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, २,१४१. गाणं त्याआधीचं आहे.